माझ्या लॉगिनचं बारसं

नाव नसलेली एखादी वस्तू माझ्या आत्याच्या हाती लागली आणि तशीच बिननावाची निसटून गेली, असं उभ्या मराठवाड्यात कधी घडलं नसेल. आष्टीच्या तिच्या घरात गॅसच्या शेगडीचं नाव सुमन होतं आणि पिठाच्या डब्याचं आबासाहेब. विहिरीवरच्या मोटारीला ती जावईबापू म्हणायची, कारण चारदा मिनतवाऱ्या केल्याशिवाय ती जागची हलत नसे, आणि हललीच तर सगळ्या घरानं कौतुक करत उभं राहावं अशी तिची अपेक्षा असे. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, अबोल गृहस्थ. पण तेसुद्धा "सुमन बंद केली का?" असं निर्विकार चेहऱ्यानं विचारायचे आणि नवखा पाहुणा पाण्याचा पेला हातात धरून त्यांच्याकडे बघत राहायचा. दर पंधरा दिवसांनी आत्या आष्टीहून एस.टी.नं जालन्याला, आमच्या मस्तगडच्या घरी यायची, पिशवीतून धपाटे आणि आमटीचं येसर काढून आईच्या हातात द्यायची आणि जाताना आमच्या एक-दोन वस्तूंची नावं ठेवून जायची. आमचा मिक्सर असाच यमुना झाला. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकूंचंही नाव यमुनाच होतं, त्यामुळे "यमुना फार आवाज करते हल्ली" असं काही बोलायचं झालं तर आम्हाला आधी खिडकी लावून घ्यावी लागे.

"ज्याला नाव न्हाई त्याला कान न्हाई," हा तिचा सिद्धांत होता. बाबा बांधकाम खात्यात कारकून, त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. एका सकाळी त्यांची स्कूटर काही केल्या सुरू होईना. वीस-पंचवीस किका मारून बाबांचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला. आत्या चहाची बशी हातात घेऊन ओट्यावर आली आणि म्हणाली, "याचं नाव काय?" बाबा वैतागून म्हणाले, "अक्का, स्कूटरला नाव नसतं, नंबर असतो." "मंग नंबरानं बोलव बरं, येती का बघू," असं म्हणून तिनं बशीतला चहा सावकाश संपवला, खाली उतरली, स्कूटरच्या हँडलवर हात ठेवला आणि म्हणाली, "पांडबा, चल बाबा, हापिसाला उशीर होऊन राह्यला." पुढच्या किकेला स्कूटर सुरू झाली. बाबांनी याचं श्रेय शेवटपर्यंत प्लगला दिलं. पण पुढे थंडीच्या दिवसांत, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून, "पांडबा, पांडबा" असं पुटपुटताना मी त्यांना या कानांनी ऐकलेलं आहे.

गल्लीत तिच्या या हाताची ख्याती होती. कुणाचं दुकान असो, कुणाची म्हैस असो, लोक आत्याच्या पुढच्या फेरीपर्यंत थांबायचे. नाव कसं असावं याबद्दल तिची मतं पक्की होती. आमच्या कोपऱ्यावरच्या शिंप्यानं दुकानाला 'न्यू स्टाईल' नाव दिलं तेव्हा तिनं त्याला भर रस्त्यात थांबवून विचारलं, "न्यू किती दिस राह्यचं ते? दहा वर्सांनी काय म्हणशील?" मग त्याच्याच धंद्यातला दाखला देऊन ती म्हणाली, "नाव बेतून शिवू नये बाबा. थोडं ढिलंच शिवावं. माणूस हळूहळू त्यात भरत जातो." शिंप्यानं पाटी बदलली नाही, पण त्या वर्षी माझ्या शाळेच्या गणवेशाची चड्डी मात्र इतकी ढिली शिवली की ती मला दहावीतसुद्धा झाली असती.

आणि गंमत अशी, की साऱ्या जगाला नावं वाटत फिरणाऱ्या या बाईनं स्वतःच्या सख्ख्या भाच्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. माझं नाव राजेश. आत्यानं मला राजेश म्हणून एकदाही हाक मारली नाही. कधी "ए काडी", कधी "कलेक्टर", कधी "सरकार", आणि फारच लाडात आली तर "माझ्या भावाच्या लेकरा" अशी लांबलचक हाक. ताटावर बोलवायचं असेल तर ती चमचा वाजवायची. लहानपणी मला वाटायचं, हिला माझं नाव पाठच होत नाही. खरं कारण आईनं सांगितलं. माझ्या बारशाला आत्या वेळेवर पोचली नव्हती. आपल्याकडे बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. पाळण्यात वाकून तिनंच बाळाच्या कानात कुर्र्र करायचं आणि नाव सांगायचं, आणि ती वाकलेली असताना बाकीच्या बायांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. मुहूर्त टळायला लागला, बायका खोळंबल्या, तेव्हा यमुनाकाकूंना पुढे करून उरकून घेतलं. काकूंनी ऐन वेळी सुचेल ते नाव सांगितलं. त्या साली दर तिसऱ्या घरात एक राजेश होता, त्यात माझी भर पडली. आत्या पोचली तेव्हा बायका घुगऱ्या खात होत्या. ती भांडली नाही, रडली नाही. पाळण्याशी जाऊन मला बघितलं आणि म्हणाली, "माझं नाव माझ्यापाशी हाय." ते कोणतं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. बाबांनी विचारलं, आईनं विचारलं, मी तर शपथा घालून विचारलं. तिचं उत्तर ठरलेलं: "कानात गेल्याबिगर नाव तोंडात आणू नये."

अठरा वर्षं ते नाव तिनं असं आतल्या आत सांभाळलं. मग नव्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी मला विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि एक पत्र आलं. पत्र इंग्रजीत होतं. बाबांनी ते खाटेवर बसून सरकारी मराठीत सगळ्यांना वाचून दाखवलं. विद्यापीठात संगणक केंद्र आहे, प्रत्येक नव्या विद्यार्थ्यानं तिथे येऊन आपलं लॉगिन नाव नोंदवावं, नाव जास्तीत जास्त आठ इंग्रजी अक्षरांचं असावं, आणि एकदा नोंदवलेलं नाव कोणत्याही परिस्थितीत बदलून मिळणार नाही. शेवटचं वाक्य बाबांनी दोनदा वाचलं. खात्यात चाळीस वर्षांच्या फायली चाळलेला माणूस, 'कोणत्याही परिस्थितीत' हे शब्द दिसले की त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा.

आत्या त्या दिवशी आमच्याकडेच होती. "हे लॉगिन म्हंजे काय असतंय?" तिनं मला विचारलं. मी उन्हाळ्यात तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा क्लास केला होता, त्यामुळे घरात या विषयाचा मीच जाणकार. मी म्हणालो, "कॉम्प्युटरला आधी आपलं नाव सांगायचं. मग तो आपल्याला आत घेतो."

"त्याला तुझं हे घरचं नाव ठाऊक न्हाई?"

"नाही."

"म्हंजे तिथं तू अजून बिननावाचाच हायस?"

तांत्रिकदृष्ट्या मला हो म्हणावं लागलं. आत्यानं चहाची बशी खाली ठेवली. चहा अर्धा असताना तिनं बशी खाली ठेवल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "मंग हक्क माझा," ती म्हणाली.

आता माझी बाजूही सांगायला हवी. मी अठरा वर्षांचा होतो आणि राजस्टार हे नाव मी आधीच ठरवून ठेवलं होतं. वहीच्या मागच्या पानावर तिरप्या अक्षरांत ते तीस-चाळीस वेळा गिरवलंही होतं. जालन्यातला एक राजेश विद्यापीठात जाऊन राजस्टार होणार, आणि तोही कायमचा, या कल्पनेनं मला झोप येत नव्हती. बाबा माझ्या बाजूनं होते. "अक्का, पत्रात स्पष्ट आहे. विद्यार्थ्यानं स्वतः निवडायचं." "बारशाला लेकरू स्वतः निवडतं का?" आत्या म्हणाली. यावर लागू पडेल असा नियम बाबा पत्रात शोधायला लागले. शेवटी तडजोड झाली, की आत्या सोबत येईल, पण नाव मी ठरवीन. "मी काय, नुसती बसीन," ती इतक्या गरीब आवाजात म्हणाली की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. संध्याकाळी आईनं कुणी न सांगता घुगऱ्यांचे हरभरे भिजत घातले.

सकाळच्या एस.टी.नं आम्ही निघालो. आत्यानं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि मांडीवर घुगऱ्यांचा स्टीलचा डबा होता. दोन तासांच्या प्रवासात तिनं एस.टी.चंसुद्धा नाव ठेवलं नाही, ही दुसरी धोक्याची खूण. संगणक केंद्राच्या दाराशी चपलांचा ढीग पडला होता, कारण त्या काळी कॉम्प्युटरला धूळ चालत नसे. आत्यानं तो ढीग पाहिला, समाधानानं मान हलवली आणि आपल्या वहाणा ओळीत काढून ठेवत म्हणाली, "आत देव असणार." आत एसीनं हुडहुडी भरत होती. खिडकीमागे ऐन जुलैत स्वेटर घातलेला एक बाबू बसला होता आणि त्याच्यासमोर तीस-पस्तीस पोरांची रांग. आत्यानं पदर अंगाभोवती लपेटून घेतला आणि रांगेची तपासणी सुरू केली. तू काय ठेवून राह्यला, तू काय ठेवून राह्यला, असं ती एकेकाला विचारत गेली. एका पोरानं छाती काढून सांगितलं, "टायगर." आत्यानं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आईला ठाऊक हाय का?" पोरगा विचार करायला रांगेतून बाहेर गेला. आमच्या मागे अंबडकडची एक मुलगी आपल्या आईबरोबर आली होती. ती बापडी स्वतःचंच साधं नाव लावणार होती. आत्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिच्या आईशी घटकाभरात अशी गट्टी जमवली की दोघींचं एक लांबचं नातंही निघालं.

माझा नंबर आला. बाबूनं न बघताच विचारलं, "नाव?" रीतीप्रमाणे मी आधी राजेश सांगून पाहिलं. "राजेश संपले," तो म्हणाला. "तीन वर्षांपूर्वीच गेलं ते. दुसरं?" मी घसा साफ केला आणि राजस्टार सांगितलं. तो खटखट काहीतरी बडवत राहिला, थांबला आणि म्हणाला, "हे आहे शिल्लक. टाकू?"

मी हो म्हणणारच होतो. नुसतं मान हलवायचं काम होतं. पण मी आत्याकडे पाहिलं. ती ठरल्याप्रमाणे खरंच नुसती बसली होती, खिडकीजवळच्या बाकड्यावर. माझ्याकडे पाहून ती हसली. "आवडलं ना तुला? मंग बराबर हाय. टाक," ती म्हणाली. आणि अर्धवट उघडलेलं घुगऱ्यांच्या डब्याचं झाकण तिनं परत दाबून लावलं. ते झाकण नीट बसत नव्हतं, ती दोन्ही अंगठ्यांनी दाबत राहिली. मला एकदम वाईट वाटलं. ही बाई एकदा मुहूर्त टळल्यावर आली होती. आज मुहूर्ताच्या आधी येऊन बसली होती, तरी मी तिला पाळण्यापाशी येऊ देत नव्हतो.

"थांबा," मी बाबूला म्हणालो आणि बाकड्यापाशी जाऊन गुडघ्यावर बसलो. "आत्या, कानात सांग."

तिनं एकदा खात्री करून घेतली. "कायमचं हाय म्हणं."

"हो."

"मंग हसायचं न्हाई."

मग ती माझ्यावर वाकली. पदर माझ्या डोक्यावरून घेतला. चुना-तंबाखूचा आणि हळदीचा वास आला. तिनं माझ्या कानात इतक्या जोरात कुर्र्र केलं की रांगेतली सगळी पोरं मागे वळली, आणि मग अगदी हळू, ऐकू येईल न येईल असं, तिनं ते नाव सांगितलं. लंबोदर.

मी हसलो नाही, याचा मला आजही अभिमान आहे. माझं वजन तेव्हा चव्वेचाळीस किलो होतं. पट्ट्याला मोचीकडून तीन जादा भोकं पाडून घेतलेली होती. खिडकीशी जाऊन मी ते नाव सांगितलं तेव्हा बाबूनं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. "बदलून मिळणार नाही बरं का," तो म्हणाला. तो माणूस मनाचा चांगला होता. मी म्हणालो, "टाका." इंग्रजीत बरोबर आठ अक्षरं भरली आणि माझं नाव लागलं.

मागे वळलो तर आत्या अजून बाकड्यावर तशीच वाकून बसलेली. मला वाटलं पाठीत उसण भरली. मग लक्षात आलं, ती धपाट्यांची वाट पाहत होती. तीस-पस्तीस पोरं नुसती बघत उभी. अंबडच्या बाईंच्या ध्यानात आलं. त्या पुढे झाल्या, पदर खोचला आणि आत्याच्या पाठीत असा दणका घातला की बाबू खुर्चीतून उठला. मग त्यांच्या मुलीनं एक घातला, मग टायगर परत आला होता त्यानं एक घातला. आत्या हसत होती, डोळे पुसत होती आणि म्हणत होती, "अजून घाला, अठरा वर्साचे राह्यलेत." त्यानंतर घुगऱ्या वाटल्या गेल्या. 'आत खाद्यपदार्थ आणू नयेत' या पाटीखाली उभं राहून बाबूनं दोनदा मागून घेतल्या. निघताना आत्यानं त्याच्या कॉम्प्युटरचं नाव विचारलं. टर्मिनल चार, असं उत्तर आल्यावर तिला त्या यंत्राची फार कीव आली आणि ती त्याला दगडू म्हणून निघाली.

लंबोदर का, ते तिनं परतीच्या एस.टी.त सांगितलं. मी सातव्या महिन्यात जन्मलो, सुपात मावेन एवढा. डॉक्टर नीट काही सांगेनात. तेव्हा तिनं राजूरच्या गणपतीला नवस बोलला होता. "म्हणलं, देवा, याला पोट दे. पोटभर खाऊ दे याला. तुझंच नाव ठेवते." मी जगलो. बारशाच्या सकाळी ती आधी राजूरला गेली, देवाला सांगून येते म्हणून. "येताना जीप दोनदा बसली रस्त्यात. आल्ते तर नाव ठेवून झाल्तं." ती खिडकीबाहेर पाहत होती. "तुला पडसं झालं तरी मला वाटायचं, देव आठवण करून देऊन राह्यला. कुणाला सांगू? यमुनाबाईचा काय दोष? त्या बिचारीनं वेळ सांभाळली." अठरा वर्षं माझ्या प्रत्येक सर्दी-खोकल्याला ही बाई आष्टीत घाबरून बसत होती आणि मी इकडे तिला आपलं नाव पाठ होत नाही म्हणून हसत होतो. बदनापूर मागे पडलं. थोड्या वेळानं ती अगदी सहज म्हणाली, "लंबोदरा, खिडकी लाव. धूळ येऊन राह्यली." मी खिडकी लावली.

पुढची वर्षं सोपी गेली असं म्हणणार नाही. पहिल्याच तासाला सरांनी लॉगिन नावांची यादी वाचून "लंबोदर कोण?" म्हणून विचारलं आणि मी हात वर केल्यावर जे हसू सुरू झालं ते दुसऱ्या वर्षापर्यंत पुरलं. मेसमधला आचारी मला वाढताना हात सैल सोडायचा. राजेश हे नाव हळूहळू फक्त गुणपत्रिकेवर उरलं. पुढे त्याच विद्यापीठात मी शिकवायला लागलो आणि नियमाप्रमाणे लॉगिन नाव तेच राहिलं. आत्या दर भेटीत विचारायची, "चालून राह्यलं ना नाव?" विहिरीला पाणी आहे ना, असं विचारावं तसं. मी हो म्हणालो की ती पोटाकडे एक नजर टाकायची आणि निराश न होता म्हणायची, "भरंल हळूहळू."

तिच्या शेवटच्या वर्षात नावं एकेक करून हरवायला लागली. पांडबा गेला, आबासाहेब गेले. एक दिवस सुमनला ती नुसती शेगडी म्हणाली, तेव्हा आमचे अबोल मामा उठून अंगणात जाऊन उभे राहिले. बाबांना ती बिन नावाचं "ए दादा" म्हणायला लागली होती. मी आष्टीला गेलो तेव्हा खाटेशी बसून मला भीती वाटत होती. तिनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "लंबोदरा, जेवलास का?"

मागच्या महिन्यात विद्यापीठाचं नवं पत्रक आलं. यंत्रणा बदलते आहे, ज्यांना जुनं लॉगिन नाव बदलायचं असेल त्यांना एकदाच संधी मिळेल. बाबा असते तर त्यांनी 'कोणत्याही परिस्थितीत' चं काय झालं म्हणून लेखी विचारलं असतं. आमच्या विभागातला तरुण सहकारी अर्ज घेऊन माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "सर, तुम्ही तर नक्की बदलणार." मी खाली पाहिलं. हल्ली मी खुर्ची पुढे ओढली की बोटं कळफलकाला पोचायच्या आधी पोट टेबलाला पोचतं. पट्ट्याची जादा भोकं केव्हाच निकामी झाली. ढिलं शिवलेलं ते नाव आता कुठे मला नीट बसायला लागलं आहे, आणि नवस बोललेलीच बघायला नाही. "राहू द्या," मी म्हणालो. तो अर्ज घेऊन गेला. त्यानंतर खोलीत कुणी नाही असं पाहून मी लंबोदर टाइप केलं, आणि थोडा वेळ आत्यासारखी पाठ वाकवून तसाच बसून राहिलो.